चांद्याची बाजू

बाबांनी मला केनवडच्या फाट्यावर बैलगाडीतून सोडलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. एसटीत चढलो, तर बाबा खालूनच म्हणाले, "तिकडं भलत्या नादाले लागू नको." खिडकीतून शेवटची दिसली ती आमच्या बैलांची तोंडं, पांढरा चांद्या आणि तांबडा लाल्या.

त्याला सात वर्षं झाली. चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तुमच्यापैकी जे असेच निघून आले त्यांना वेगळं सांगायला नको. शिफ्ट, ओव्हरटाइम, एका खोलीत चौघं, आणि बूट काढल्यावर पायांना लागणारी ठणक. सुट्टीच्या दिवशी तर झोपूनच थकायला होतं.

भलता नाद लागला तो तेविसाव्या वर्षी. लाइन बंद पडली होती, हातात खोक्यांवर नंबर टाकायचा मार्कर होता. समोर एक सोबती भिंतीला टेकून झोपला होता, त्याचा हात मी पुठ्ठ्यावर काढला. शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्हाला मैदानातले दगड वेचायला लावत. आपल्याला काही काढता येतं हे ठाऊकच नव्हतं. लाइन सुरू झाली तेव्हा मला चक्क राग आला. तो हात काढताना झाला तितका आनंद मला आजवर कशानेच झाला नव्हता.

फोनवर बाबांना सांगितलं. "त्यानं पोट भरते काय?" एवढंच म्हणाले. पुढं चार वर्षं मी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही. मधे शेतात ट्रॅक्टर आला आणि बैल विकले. मायनं मला ते पंधरा दिवसांनी सांगितलं.

गेल्या रविवारी मी आमची बैलगाडी काढली, मागं बसणाऱ्याला दिसते तशी. बाबांची पाठ आणि पुढं जोडी. मायच्या मोबाइलवर फोटो पाठवला. संध्याकाळी बाबांचाच फोन. ते आपणहून कधी करत नाहीत, मला वाटलं माय आजारी पडली.

"काहून रे, चांद्या उजवीकडं कायले जुतला? तो डाव्या अंगाचा बैल व्हता. उजवीकडं पाऊलच नाई टाके."

खरं होतं. जोडीतला बैल आपली बाजू सोडत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पण माझ्या डोक्यात एसटीतून, समोरून पाहिलेली जोडी बसली होती, आणि समोरून बाजू उलट्या दिसतात. जन्मभर गाडीत बसलो, अन् लक्षात राहिलं ते खिडकीतलं.

"चुकलं, बाबा."

"मंग दुसरं काढ. लाल्याचं शिंगही वाकडं व्हतं, तुले आठवत नाई काय?" मग म्हणाले, "मी दुपारपासून पाहून राह्यलो ते."

फोन ठेवून मी रडलो. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, पाय दुखत होते, तरी नवा कागद घेतला. बैल गेले, गाडी गोठ्याशी नुसती पडून आहे. घर म्हणजे आता माझ्यासाठी बाबांच्या पाठीमागची ती जागा, जिथून चांद्या डावीकडे दिसतो. या वेळी मी तिथेच बसून चित्र काढलं.