सतरा सीटांचं घर

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, योगासनं करतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून बाकीच्यांचं डोकं खातात. मी बस घेतली. जुनी, सतरा सीटांची, चाकणच्या कंपन्यांत शिफ्टची माणसं पोचवून पोचवून दमलेली. अशाच बसच्या खिडकीला डोकं टेकून मी सव्वीस वर्षं आकुर्डीहून पहिल्या शिफ्टला गेलो होतो. त्यामुळे ठेकेदाराने ती विकायला काढली तेव्हा मला तिच्याबद्दल जरा मायाच वाटली. बायकोला तसलं काही वाटलं नाही. तिने आतून एक चक्कर मारली आणि म्हणाली, "पडदे मात्र मी निवडणार."

बसचं घर करायचं होतं. मागे पलंग, मधे ओटा, पुढे बसायला चार सीटा आणि एका कोपऱ्यात संडास. लोकांना आम्ही सांगायचो की फिरायची हौस आहे. खरं कारण त्या कोपऱ्यात होतं.

चार वर्षांपूर्वी बायकोला आतड्याचा आजार झाला. जिवावरचा नाही, लाजेवरचा. कळ आली की पाच मिनिटं हातात असतात, कधी तीही नसतात. औषधांनी पुष्कळ कमी झालं, पण तिचा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा गेला तो गेलाच. घर ते मंडई आणि मंडई ते घर, एवढंच तिचं जग उरलं. तिचं माहेर लातूरकडे, म्हणजे आठ-नऊ तासांचा रस्ता. एकदा धीर करून आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो होतो, ते हडपसरच्या पुढे गेलो नाही. त्या दिवशी काय झालं ते मी कुठे लिहिणार नाही, असं तिला कबूल केलेलं आहे.

हे कोणालाही कळू द्यायचं नव्हतं. सख्ख्या धाकट्या बहिणीलाही नाही. भाचीचं लग्न झालं, बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, मेहुण्याच्या पायाचं ऑपरेशन झालं. दर वेळी फोनवर सगळं माझ्या नावावर खपवलं जायचं. ह्यांना सुट्टी नाही, ह्यांचा ओव्हरटाइम आहे. मी निवृत्त झालो तरी सासुरवाडीला माझा ओव्हरटाइम चालूच होता. बहीण आधी रुसायची, मग रुसायचीही बंद झाली. फोन दोन मिनिटांवर आले. फोन ठेवला की बायको स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेले डबे पुन्हा पुसत बसायची, आणि मला ते बघवायचं नाही.

आता बस घेतली म्हणजे विमा आला. आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक विमा एजंट राहतात. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण संभाव्य संकटांचा अनुभव दांडगा. त्यांनी हप्ता सांगितला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला, तर तिथेही तोच आकडा ऐकू आला.

"अहो, आम्ही दोघंच फिरणार," मी म्हणालो.

"काका, विमा कंपनी माणसं बघत नाही, आरसी बघते. आरसीवर सतरा सीटांची प्रवासी बस लिहिलंय. दर सीटमागे एक माणूस धरणार."

"सीटा काढून टाकतोय."

"कागदावर आहेत ना."

म्हणजे आम्ही दोघं आणि आमच्याबरोबर कायमची पंधरा अदृश्य माणसं, ज्यांच्या जिवाची काळजी मी माझ्या पेन्शनीतून वाहायची. मी म्हटलं, असंच गुपचूप फिरलो तर? एजंट समजावणीच्या सुरात म्हणाले, "फिरा की. पण उद्या कुठे ठोकली तर कंपनी म्हणेल, आम्ही बसचा विमा उतरवला होता, तुमच्या स्वयंपाकघराचा नाही." यावर उपाय एकच. आरटीओची परवानगी काढून गाडीचा वर्गच बदलून घ्यायचा. बसच्या जागी राहण्याची खाजगी गाडी, ज्याला मोटर कॅरॅव्हॅन म्हणतात. तसं झालं की हप्ता निम्म्याच्याही खाली येणार होता. नाही झालं तर बस ठेवणं आम्हाला झेपणार नव्हतं. मग विकून टाकायची आणि लातूर विसरायचं, असं आम्ही दोघांनी चहा पिताना ठरवलं. ठरवताना बायको माझ्याकडे बघत नव्हती.

अर्जाबरोबर नकाशा लागतो. नकाशे काढणं मला आवडतं. टोकदार पेन्सिलीने पलंग काढला, ओटा काढला, कोपऱ्यात चौकोन काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं, संडास. बायको खांद्यावरून बघत होती.

"हे खोडा."

"का?"

"गाडी माझ्या नावावर घेतलीत ना? सरकारी कागदावर माझं नाव आणि त्याच्याखाली हे?"

तिच्यासाठीच म्हणून मी गाडी कौतुकाने तिच्या नावावर घेतली होती. आता वाद कुठे घाला. मी खोडरबर घेतलं आणि लिहिलं, कपाट.

काम दिलं ते चाकणजवळच्या एका फॅब्रिकेटरला. तो मूळचा तिथल्याच गावचा शेतकरी, आता शेतातल्या शेडमध्ये कंपन्यांसाठी लोखंडी रॅक बनवतो. वेल्डिंग असं करतो की जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये. पण मी त्याला वेल्डिंग करूच दिलं नाही.

इथे मला माझ्या विद्येबद्दल सांगावं लागेल. मी प्रेस शॉपमध्ये डाय बदलायचो. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. एक साचा उतरवून दुसरा चढवेपर्यंत मशीन नुसतं उभं असतं, आणि उभ्या मशीनसमोर मॅनेजर उभा असतो. तो वेळ कमी करणं, एवढंच मी आयुष्यभर केलं. कुठलीही गोष्ट बोल्टाने घट्ट आवळलेली दिसली की माझा हात शिवशिवतो. त्यामुळे घरही मी तसंच आखलं. पलंगाला खाली दोन पिना आणि चार खटके. ओट्याला तसेच. कपाटांना तसेच. खटके सोडले की अख्खं घर बाहेर, दाबले की आत.

फॅब्रिकेटर डोकं खाजवत म्हणाला, "भाऊ, घर काय उचलून ठिवायचं असतंय व्हय?"

"धुवायला सोपं पडतं," मी म्हणालो, आणि त्याला वेळेच्या बचतीवर अर्धा तास व्याख्यान दिलं. संडासाच्या बाबतीत मात्र तो ऐकेना. "त्ये गळालं तर शिव्या मला पडत्यात. त्ये मी पक्कंच करनार." तेवढं एक मी त्याच्या मनासारखं होऊ दिलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघं आणि फॅब्रिकेटर गाडी घेऊन आरटीओच्या रांगेत उभे राहिलो. इन्स्पेक्टर तरुण होता, आम्हाला मुलगा शोभेल अशा वयाचा, आणि नम्र होता. त्याने आत डोकावून बघितलं, पडद्यांकडे बघून मान डोलावली, मग पलंगावर हात ठेवून विचारलं, "हे सगळं पक्कं बसवलंय ना, काका?"

नुसतं हो म्हणायचं होतं. ते खोटं ठरलं असतं ही गोष्ट वेगळी. पण मला वाटलं, इतक्या वर्षांनी कुणीतरी जाणता माणूस नेमका प्रश्न विचारतोय. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही फक्त बघा." बायकोच्या हातात मोबाइल दिला, त्यावर वेळ लावायला सांगितलं, आणि मी व फॅब्रिकेटर कामाला लागलो. खटाखट खटके सुटले. पलंग बाहेर, ओटा बाहेर, टेबल बाहेर, तीन कपाटं बाहेर. रांगेतले टेम्पोवाले खाली उतरून बघायला आले. शेवटचं कपाट जमिनीवर टेकलं तशी बायकोने थंडपणे वेळ जाहीर केली, "आठ मिनिटं चाळीस सेकंद." एका टेम्पोवाल्याने टाळ्याही वाजवल्या.

इन्स्पेक्टर दारातून आत बघत होता. "काका, आता ही काय आहे?"

"रिकामी गाडी," मी घाम पुसत अभिमानाने म्हणालो.

"मग मी काय लिहू?"

त्याने मला नियम वाचून दाखवला. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय, ही सगळी गाडीला कायमची जोडलेली हवी. काढता येणारं चाललं तर ते फक्त टेबल. "सुटं निघतं ते सामान झालं," तो म्हणाला. "सामान टेम्पोतही असतं." कोपऱ्यातल्या बंद दारापर्यंत तपासणी पोचलीच नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यामुळे मला त्याचा जास्तच राग आला.

सामान पुन्हा आत चढवायला अर्धा तास लागला, कारण आता कुणाच्याच हातात बळ नव्हतं.  परत येताना भोसरीच्या सिग्नलला बायको म्हणाली, "आणखी मिनिटभर कमी करता आलं असतं का हो?" फॅब्रिकेटर मागे बसून हसला, मीही हसलो. पण आतून मला फार वाईट वाटत होतं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तिची वाट मी माझ्या फुशारकीपायी अडवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो आणि फॅब्रिकेटरला म्हणालो, "कर पक्कं."

"किती टाके मारू?"

"मोजू नकोस."

त्याने काळा चष्मा चढवला आणि इतक्या आनंदाने कामाला लागला की मला त्याचाही राग आला. ठिणग्या उडत होत्या आणि माझे खटके एकेक करून भंगारच्या डब्यात पडत होते. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुन्हा तारीख मिळाली, तोच इन्स्पेक्टर. या वेळी मी तोंड उघडणार नाही असं बायकोने वदवून घेतलं होतं. त्याने पलंग हलवून बघितला, ओटा हलवून बघितला, कपाटाला तर खांदा लावला. सगळी बस हलली, कपाट हललं नाही. तो समाधानाने हसला, एकेका गोष्टीवर खूण करत गेला, आणि नकाशातल्या शेवटच्या कपाटाचं दार त्याने उघडलं.

 तोंड न उघडण्याची शपथ मी तिथे मोडली. "साहेब, सामान ठेवायचीच सोय आहे तशी."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे गेलो.

"काका, संडास असायला हरकत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "पण नकाशात कपाट आणि आत हे, यावर मी सही कशी करू? नवा नकाशा लावून पुन्हा अर्ज करा. नाहीतर हे काढून टाका, आत्ता पास करतो."

"सायेब, त्ये न्हाई निघायचं," फॅब्रिकेटर म्हणाला. "त्येवढंच तर पैल्यापासनं पक्कं हाय."

पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा महिनाभर, आणि ठेकेदाराने उतरवलेला जुना विमा संपायला आठ दिवस राहिले होते. म्हणजे पुढचं वर्षभर सतरा माणसांचा हप्ता. तो आम्ही भरणार नाही, हे आमचं ठरलेलंच होतं. मी हिशोबात गुंतलो होतो, तेवढ्यात बायको पुढे झाली. आजूबाजूला सात-आठ पुरुषमाणसं उभी होती. तिने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"साहेब, ते काढलं तर ही गाडी मला काय करायची? मला आतड्याचा आजार आहे. सांगून येत नाही. रस्त्यात कपडे खराब होतात. चार वर्षं मी माहेराला गेले नाही त्यापायी. ह्यांनी नकाशात नीटच लिहिलं होतं. मला लाज वाटली म्हणून मी खोडायला लावलं."

आवाज तिचा चढला नाही, कापलाही नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि मी पडद्याची कडी बघायला लागलो. जे ती सख्ख्या बहिणीला सांगू शकली नव्हती, ते तिने टेम्पोवाल्यांसमोर सांगून टाकलं होतं.

इन्स्पेक्टरने खिशातलं पेन काढलं. "काकू, गाडी तुमच्या नावावर आहे ना? मग मालकाने नकाशावर दुरुस्ती करून शेजारी सही केली तर मी ती धरतो."

तिने पेन घेतलं. कपाट या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, संडास. आणि शेजारी पूर्ण नावाची सही केली, माहेरच्या नावासकट.

एजंटांनी नवा वर्ग नोंदवून नवा हप्ता फोनवर सांगितला. मी तो दोन्ही कानांनी ऐकला, सुखाने. पण त्याआधीच, तपासणीच्या त्याच दुपारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली तरी बायको खाली उतरेना. पलंगावर बसून तिने बहिणीला फोन लावला. बहीण शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलावं तशी फोनवर बोलते, त्यामुळे मला पुढच्या सीटवर सगळं ऐकू येत होतं.

बायकोने सगळं सांगितलं. आजार, हडपसर, खोटे ओव्हरटाइम, सगळं. पलीकडे बहीण रडायला लागली.

"आक्का, आमाला वाटलं तुमी शेरातले झालाव. आमच्या घरी यायला तुमाला लाज वाटायली."

"लाजच वाटत होती गं," बायको म्हणाली. "पण तुमची नव्हती, माझी होती."

पलीकडे जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग बहिणीने विचारलं, कधी निघताय.