पाच बायांची समिती आणि स्टीलचे डबे

भ्रष्टाचारावर नजर ठेवायला दिल्लीत स्वतंत्र संस्था हवी, अशी चर्चा पेपरात आली की मी बाकीचं सोडून दोनच गोष्टी शोधते. तिला नेमणार कोण आणि काढणार कोण. ही सवय मला आमच्या गावच्या रेशन दुकानानं लावली.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. डोंगरकड्याच्या बाजूला आमचं गाव, तिथं माझी पिठाची गिरणी. रेशन दुकानावर लक्ष ठेवायला बायांची दक्षता समिती असते, हे आम्हाला कळलं तेव्हा सरपंचांनी ती परस्पर नेमूनही टाकली होती. त्यात दुकानदाराची बहीण होती. ती लग्न होऊन केव्हाच दुसऱ्या गावी नांदत होती.

ग्रामसभेत मी उभी राहिले.

"बायाच नेमल्यात ना वहिनी? आता काहून तकलीफ?" सरपंच म्हणाले.

"दुकानदाराच्या नात्यातल्या नकोत. तुम्ही नेमलेल्याही नकोत. सभेनं हात वर करून निवडायच्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "घ्या, गिरणीवाली आता सरपंचाला बी दळून काढती." हशा झाला, पण हात वर झाले. बौद्ध वस्तीतली शिवणकाम करणारी बाई अध्यक्ष झाली. मी, माझी जाऊ, न्हाव्याची सून आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी अशा बाकीच्या चौघी. म्हातारीला सगळं गाव याडीच म्हणायचं, म्हणजे आई. त्याच सभेत ठराव झाला की, माल आला की आम्ही समोर मोजून घ्यायचा आणि पाचातल्या तिघींनी सही केल्याशिवाय वाटप सुरू करायचं नाही.

पहिले काही महिने ठीक गेले. पोती कमी भरली की आम्ही सही करत नव्हतो. दुकानदार चिडायचा, पण पोती पुरी करायचा. तांड्याचा नंबर नेहमी शेवटी. तिथपर्यंत गहू पोचायला लागला.

मग संक्रांत आली. दुकानदाराच्या बायकोनं हळदीकुंकवाला पाचही जणींना बोलावलं. त्या घरानं बौद्ध वस्तीत किंवा तांड्यावर बोलावणं धाडायची ही पहिलीच वेळ. "आमच्यात हे न्हाई," म्हणून अध्यक्षबाई गेल्या नाहीत. आम्ही चौघी गेलो. गावच्या बायांना वाणात एकेक वाटी होती. आम्हाला झाकणाचे मोठे डबे.

मी कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला आणि डबा तिथंच ठेवला. बाकीच्या तिघी घेऊन आल्या. घरी आल्यावर माझी जाऊ म्हणाली, "सवाष्णीचं वाण ठेवून येतेस? दिलं तिनं हौसेनं."

"हौसेचं माप आपल्यासाठीच वेगळं कसं?"

तिनं डबा मांडणीवर लावला. मला डब्याचं काही नव्हतं. तीन डबे म्हणजे तीन सह्या, आणि दुकानदाराला तेवढ्याच लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर बोलावलं. कोणाच्या घरी बसायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्या सरळ म्हणाल्या, "डबे परत जातील, न्हाई तर मी समितीत न्हाई."

न्हाव्याची सून रडकुंडीला आली. याडी मात्र तडकली. "तुमाला सगळीकडं बोलावतेत. मला त्या घरानं उंबऱ्याच्या आत पयल्यांदा घेतलं. कशी न्हाई म्हनू?"

मी विचारलं, "याडी, समिती नव्हती तेव्हा काहून नाही घेतलं?"

ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "पर भांडं रिकामं परत द्यायचं नसतंय."

"नको देऊ रिकामं," मी म्हटलं. "माझ्याकडून ज्वारीचं पीठ ने."

तिघी गिरणीवर आल्या. मी डबे काठोकाठ भरून दिले. जाऊ शेवटी आली, मान वर न करता डबा पुढे केला. दुपारी चौघी मिळून दुकानदाराच्या दारी गेलो. त्याची बायको पाहतच राहिली. "वाण परत आणलं?"

याडी म्हणाली, "वाण पोचलं आमाला, बाई. हे तुमचं भांडं."

पीठ तर कोणी नाकारत नाही. तिनं डबे घेतले.

आठवडाभरानं सरपंचांनी चावडीसमोर सांगून टाकलं, ही समिती बरखास्त, नवी करून राहिलो. अध्यक्षबाईंनी शिलाई मशीन थांबवलं आणि त्या तिथं गेल्या. "तुमी नेमली न्हाई, तुमी मोडू शकत न्हाई. सभा बोलवा, तिथं मोडा." सभा बोलवायची तर तांडा आणि बौद्ध वस्ती दोन्ही येणार. सभा काही सरपंचांनी बोलावली नाही.

पुढचा माल आला तेव्हा मी जावेला हाक मारली नाही. हाताला धरून नेलेली बाई पुढच्या खेपेला दुसराच कोणी धरून नेणार. मी पोचले तर अध्यक्षबाई आणि याडी आधीच तिथं होत्या. तिघी झालो होतो. दुकानदारानं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, चहा सांगितला होता.

"बसा की."

"उभ्यानं बराबर दिसतंय," याडी म्हणाली.

पोती उतरायला लागली तेव्हा जाऊ आली. हात अजून कणकेचे होते. माझ्याकडे न बघता ती थेट हमालाला म्हणाली, "ते फाटकं पोतं पयलं काट्यावर ठेव."