नफीसाबेनचा डावा कोपरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याच्या फोटोलासुद्धा नाही — आणि त्याला तर मी रोज सकाळी हार घालताना सगळं सांगते, सुनेने चहात साखर कमी टाकली इथपासून. हे मात्र ओठांपर्यंत येतं आणि मी आपली हाराची गाठ सोडवत बसते.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला लिफ्टमध्ये भेटणार नाही, म्हणून असेल.

आमची बिल्डिंग केबिन रोडच्या आतल्या गल्लीत. मी आणि नफीसाबेन एकाच मजल्यावर, दारासमोर दार. दोघींचे नवरे मागेपुढेच गेले. तिची मुलगी पुण्याला, माझा मुलगा-सून कामावर. दुपारी चारला दोन्ही घरांत फक्त पंख्याचा आवाज. तिचा नवरा बोटीवर होता. आखाती बंदरांत त्याला एका खेळाचा नाद लागला आणि येताना तो शिसवी पट घेऊन आला. तो याला तावला म्हणायचा. सून म्हणते, मोबाइलवर याला बॅकगॅमन म्हणतात. तिच्या घरी खेळणारं कुणी उरलं नाही, म्हणून तिने मला धरलं.

खेळ सोपा आहे हो. दोन फासे, दोघींच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, आणि पटावर टोकदार घरं. आपल्या सोंगट्या फिरवत फिरवत घरी आणायच्या. वाटेत समोरच्याची एखादी एकटी सापडली तर मारायची. मारलेली सोंगटी मधल्या पट्टीवर जाऊन बसते — आणि ती परत आत शिरेपर्यंत तुम्हाला दुसरं काही हलवता येत नाही. बाकी सगळं मांडलेलं असतं, हात मोकळे असतात, आणि तुम्ही नुसत्या बसून राहता.

तेव्हा मी साठीच्या अलीकडे होते. त्या बाईचं मला आता फार हसू येतं. केसांना मेंदी लावायची, हरली की फाशांवर फुंकर मारून म्हणायची, "फासेच जड आहेत." नफीसाबेन शिकवायला कडक. माझी एकटी सोंगटी दिसली की तिची बोटं घारीसारखी यायची. "अरे शालूबेन, ये क्या मंदिर में दिया रखा है? अकेली छोड़ दी!" — आणि ठाप! सोंगटी पट्टीवर.

मी इरेला पेटले. सून ऑफिसला गेली की ओट्यावर खडूने पट काढायचे. एका बाजूला राजमा, दुसऱ्या बाजूला छोले. उजव्या हाताने राजम्याकडून खेळायचं, डाव्याने छोल्यांकडून. एकदा सुनेने संध्याकाळी विचारलं, "आई, राजमा भिजत टाकला नाहीत?" तो डावात अडकला होता, काय सांगणार? पण शिकले मी. सोंगट्या जोडीने कशा न्यायच्या, सलग घरं धरून भिंत कशी बांधायची, धोका कधी पत्करायचा. आता हरायचे ते थोडक्यात. पण हरायचेच.

जन्मात मी काही जिंकले नव्हते. सोसायटीच्या गणपतीत हे कॅरम जिंकायचे आणि मी स्पर्धकांना चहा द्यायचे. हे काही कारण म्हणून सांगत नाहीये. आठवलं म्हणून सांगितलं.

मग एका दुपारी माझी एक सोंगटी तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात एकटी राहिली. चूकच माझी. तिला फासेही नेमके हवे तेच पडले. मी डोळे मिटून घेतले, ठाप ऐकायला — आणि तिने दुसरीकडेच चाल केली. मला वाटलं, दया आली. पण नफीसाबेन आणि दया? त्या पटावर?

दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तेव्हा मी पटावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. खारीची बशी तिच्या डावीकडे होती, आणि ती उजवीकडे चाचपत खारी शोधत होती. लिफ्टच्या दारावर तिचा डावा खांदा आपटताना मी आदल्याच आठवड्यात पाहिलं होतं.

आणि मग मी काय केलं? इथवर आले आहे तर सांगते — मी तपासून पाहिलं. मुद्दाम एक सोंगटी त्या कोपऱ्यात एकटी ठेवली. अगदी तिच्या मनगटापाशी. आणि गप्प बसले. तिला ती दिसली नाही.

त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. "नफीसाबेन, डोळे दाखवून या." एवढंच. मी काय म्हटलं? "तुमची चाल झाली ना? माझी पाळी."

तो डाव मी जिंकले.

मनाशी म्हटलं, मोतीबिंदू असेल. आमच्या रत्नागिरीकडे सगळे तेच म्हणायचे — पिकू दे, पिकला की काढतील, घाई कसली. खरंच वाटत होतं का मला तसं? वाटत असतं तर मी तिला विचारलं असतं. विचारलं नाही, कारण तिने चष्मा बदलला असता, थेंब घातले असते, कोपरा बघितला असता. आणि मी परत हरले असते.

मी माझा सगळा खेळच त्या कोपऱ्यात नेला. शिकवलेलं सगळं वापरून, हुशारीने. बाकीकडे भिंत बांधायची, जोखीम तेवढी डावीकडे घ्यायची. मी जिंकत सुटले. आणि ती बाई — ती खूश! कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला सांगायची, वॉचमनला सांगायची, "मेरी चेली मेरे से आगे निकल गई." मुलीला फोनवर सांगायची. जेवढं कौतुक वाढलं, तेवढं माझं तोंड शिवलं गेलं. आता सांगायचं म्हणजे जिंकणंही परत द्यायचं. हो ना?

किती दिवस? होळीच्या सुमाराला मला कळलं होतं. पाऊस येऊन गेला, गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीनंतर केबिन रोडवर आम्ही दोघी भाजी घेत होतो. डावीकडून रिक्षा आली. मी ओरडले, पण उशिरा. तिला खरचटलं फक्त. पण रिक्षावाला चिडून म्हणाला, "आजी, दिखता नहीं क्या?" आणि ती तिथेच उभी राहून म्हणाली, "नहीं. नहीं दिखा."

मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे — तो काढता येतो. हा नुसता खात जातो, न दुखता. गेलं ते परत येत नाही, म्हणाले, उरलेलं सांभाळायचं. थोडं आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. मग विचारलं, "इनके आसपास किसी ने नोटिस नहीं किया?" नफीसाबेनने माझा हात धरला. "इसी ने पकड़ा, डॉक्टर साहब. वरना मैं तो मर जाती रिक्शा के नीचे." डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. मी मान हलवली.

तेव्हापासून मी बिल्डिंगची पुण्यवान बाई आहे. तिची मुलगी पुण्याहून आली की माझ्या पाया पडते. थेंब मी घालते, बँकेत मी नेते. थेंबांनी काही वर्षं धरलं, मग हळूहळू तेही सुटलं. आता तिला नळीतून बघावं एवढंच दिसतं. मुलगा म्हणतो, मीरा रोडला मोठी जागा घेऊ, तिकडे जाऊ. मी नाही म्हणते. "आई किती करते त्यांचं," सून शेजारणींना सांगते. मी गेले तर चार वाजता तिच्यासमोर कोण बसेल? आणि मी बसते तेव्हा तिथे कोण बसलेलं असतं, हे फक्त मला माहीत.

ती बोटांनी चाचपून खेळते. फासे मी वाचते, खरे वाचते. पुष्कळदा तीच जिंकते.

परवा सोंगट्या लावताना ती म्हणाली, "शालू, एक बात बता. आँख जाने से पहले तू मुझे रोज हराती थी. मेरी आँख की वजह से था, या तू सच में इतना अच्छा खेलती थी?"

चिडून नाही. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं, आपली चेली कशी होती ते. 

मी म्हटलं, "मैं अच्छा खेलती थी."

लगेच म्हटलं. जराही थांबले नाही.