तिखट कानाचा पोपट

बोरी बुद्रुक सोडून अर्धा तास झाला होता आणि फाटा अजून तेवढाच लांब होता. एसटी चुकली म्हणून पोपट आणि यशोधरा दोघं नवराबायको कालव्याच्या कडेनं चालत निघाले होते. पोपट पुढं, खांद्याला हत्यारांची पिशवी. यशोधरा दोन पावलं मागं. तेवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, शिव्या घातल्या, पण पोपट आपला रस्त्याच्या मधोमध. यशोधरानं दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठं तो धडपडत कडेला आला.

"झोपेत चालताय का? हॉर्न ऐकू येत न्हाई?"

तो लांब जाणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई आला."

सकाळपासून जे यशोधराच्या मनात टोचत होतं, ते त्यानंच बोलून टाकलं होतं.

ओतूरला स्टँडसमोर पोपटचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बावीस वर्षांचं. लोक त्याला तिखट कानाचा पोपट म्हणत. गिऱ्हाइकाचा फोन आला की हा म्हणायचा, "तुमी बोलू नका, फोन मशीनला लावा." डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, पंखा गेलाय का हार्डडिस्क. दोन वर्षांपासून मात्र तो फोनवर ऐकेनासा झाला होता. "मशीन घेऊन या," एवढंच. यशोधराला वाटलं, वयानं माणूस आडमुठा झाला.

बोरीच्या गेणभाऊंचं मशीन त्यानं दोनदा उघडलं होतं. धूळ काढली, पंखा नवा बसवला. तरी तक्रार तीच, तापतंय आणि विमानासारखं ओरडतंय. आज तिसरी खेप. "तूबी चल," सकाळी तो म्हणाला. असं तो पूर्वी कधीच म्हणाला नव्हता. बुद्धवंदना आटोपून ती निघाली. का, ते विचारलं नाही.

"या पोपटराव! पंखा बसवलाय का पिठाची गिरणी?" गेणभाऊंनी दारातच टोला हाणला. "शेजारची म्हातारी दळण घेऊन आली व्हती!"

सगळे हसले. पोपटही हसला, पण सगळ्यांच्या नंतर.

त्यानं सोप्यातल्या मशीनवर तळहात ठेवला. चटका कळला, बाकी काही नाही. तो पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. गेणभाऊंची नात समृद्धी माऊसशी चाळा करत बसली होती.

"अहो," यशोधरा म्हणाली. मग मोठ्यानं, "अहो! ही माऊस हलवती तवा गप बसतंय. सोडला की परत ओरडतंय."

पोपटचा हात पिशवीतच राहिला. बिघडलेला पंखा एकसारखा ओरडतो. राबवलेला पंखा मधे थांबतो आणि परत सुरू होतो. हे त्यानंच तिला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. म्हणजे पंख्याचा काही दोषच नव्हता. मशीनच्या आत कोणीतरी गुपचूप राबवून घेत होतं, आणि घरचं माणूस जवळ आलं की दडून बसत होतं.

शोधायला तास गेला. समृद्धीनं कुठूनसा फुकटचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. त्याच्या पोटात बसून दुसराच एक आला होता. कुठल्या परमुलखातला कोणी, गेणभाऊंच्या विजेवर डिजिटल नाणी कमवायची आपली गणितं सोडवून घेत होता. पोपटनं दोन्ही प्रोग्राम उपटून टाकले. मिनिटाभरात सोपा शांत झाला.

पोपट मशीनकडं बघतच नव्हता. तो यशोधराच्या तोंडाकडं बघत होता. तिनं मान हलवली, तेव्हा म्हणाला, "झालं बघा. आवाज बंद."

"कान तिखट वहिनींचा, आन् नाव तुमचं!" गेणभाऊ चांगल्या मनानंच म्हणाले होते.

आता कालव्याच्या कडेला यशोधरानं विचारलं, "डॉक्टरला दावलं?" त्याला ओठ दिसावेत म्हणून त्याच्यासमोर उभं राहून विचारलं.

"मंचरला. दोनदा. सामान आणायला चाललो म्हणून तुला सांगितलं व्हतं."

"मग?"

"शीर सुकत चाललीय. कानातलं यंत्र लावलं तर माणसाचं बोलणं येईल म्हणाले. पंख्याचा बारीक सूर न्हाई यायचा."

"अन् मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? स्क्रूड्रायव्हर कुणाकडंबी असतो गं."

यशोधराला दोन वर्षांतल्या हाका आठवल्या. ओ दिली नाही म्हणून तिनं धरलेले अबोलेही आठवले. तिचे अबोले त्याला कळले तरी असतील का? तिनं मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं आणि डोळ्यांना पदर लावला.

पोपटनं पिशवी खाली ठेवली.

"यशोधरा, मशीनच्या आवाजांना मी नावं दिलीत. एक डास हाय, एक जातं हाय, एक दमेकरी म्हातारा हाय. समदे डोक्यात वाजत्यात अजून, पर पुसट व्हायला लागलेत. हायेत तंवर तुला तोंडानं काढून दावतो. हसू नको. शिकून घेशील?"