मूळ कंपनीचे गुडघे

जपानला सुरतेतल्या भेस्तानात कुणी आणलं असेल, तर आमच्या मोठ्या काकांनी. जपानला याची अजून गंधवार्ता नाही, ते सोडा. कडोदऱ्याला लूमच्या सुट्या भागांचं गोदाम होतं, तिथे काकांनी उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला. माल एका जपानी व्यापारी कंपनीचा. एकदा त्या कंपनीचा साहेब आला आणि कंपनी कशी वाढली यावर बोलला. साहेब जपानीत बोलला, दुभाष्याने गुजरातीत सांगितलं, काकांनी मनात त्याची अहिराणी केली आणि आम्हाला ते आजतागायत मराठीत ऐकावं लागतंय. सार इतकंच, की आधी सुताचं एक लहानसं दुकान होतं. मग माल न्यायला एक उपकंपनी काढली, साठवायला दुसरी, विकायला तिसरी. आणि गिऱ्हाइकाला गरज वाटायच्या आत माल त्याच्या दारात हजर. "उपकंपनी आणि वितरण!" असं काका डोळे मिटून म्हणत, आणि आम्ही चपला शोधायला लागत असू.

निवृत्त झाल्यावर तर काही धरबंदच राहिला नाही. चहा देणाऱ्या सुनेपुढे कमरेत वाकायचे. ती बिचारी घाबरून त्यांच्याच पाया पडायची. स्वतःचं कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे. भाजीवालीलाही दिलं. तिने ती लग्नपत्रिका समजून पदर सावरला आणि विचारलं, "काका, लगन क्यारे छे?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्येच काकूचे गुडघे गेले. काकू घरी खानदेशी काळा मसाला करायची आणि खांद्याला पिशवी लावून भेस्तान, बमरोली पायी पालथं घालायची. तिथल्या बिल्डिंगांना लिफ्ट कुठली! डॉक्टरांनी सांगितलं, जिने कायमचे बंद. इतक्या वर्षांत कधी न रडलेली काकू त्या दिवशी पदराआड रडली. "घरमा बशीसन मी काय करू?" तिचं सगळं जग त्या जिन्यांवर होतं. काका उठले, सदरा झटकला आणि म्हणाले, "मी आहे ना!" तेव्हाच आम्ही पुन्हा चपला शोधायला लागलो.

आठ दिवसांत काकू 'मूळ कंपनी' झाली. सून पॅकिंगची उपकंपनी, मुलगा वाहतुकीची. मला जाहिरातीत टाकलं होतं, पण मी राजीनामा दिला. पुड्यांवर जपानी थाटाचा लाल सूर्य छापला. बायकांना वाटलं, कुंकू आहे. बमरोलीत मोबाईलवाला, भेस्तानात ब्लाउज शिवणारा टेलर, कडोदऱ्यात हार्डवेअरवाला अशी तीन वितरण केंद्रं निघाली. रोज चारला सभा व्हायची. "तू एका पुड्यामागे पाऊण तास घालवायचीस," काका काकूला सुनवायचे, "जपानात याला गुन्हा म्हणतात!" काकू लसूण सोलत राहायची.

माल गरजेच्या आधी पोचला, आणि तिथेच बसला. दोन महिन्यांत पुडे धूळ खात पडले. टेलर तर त्या पुड्यांनी कापड दाबून ठेवायला लागला. एवढ्या सुंदर वितरणाला झालं काय, ते बघायला काका बमरोलीला एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले. ती बाई फटकन म्हणाली, "मसाला दुकानमा उना, पन काकू दारमा उनी नही ना! माझ्या पोरीचं बाळंतपण कुणाला सांगू, त्या मोबाईलवाल्याला?"

काका घरी आले, आणि त्या दिवशी सभा झाली नाही. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. माझी जीभ तशी तिखटच आहे, मी चारचौघांत विचारलंसुद्धा, "काय काका, बुडाली का जपानी कंपनी?" ते काकूची पिशवी खांद्याला लावून तिन्ही केंद्रांतले पुडे परत आणायला निघाले. आज त्या प्रश्नाची लाज वाटते.

परवा त्यांच्याबरोबर फेरीला गेलो. काकू खाली स्कूटरवर बसते. काका पिशवी घेऊन जिना चढतात. त्यांच्या खिशात एक वही असते, त्यात काकूने सांगितलेले घराघरांचे प्रश्न. चौथ्या मजल्यावर एका बाईपुढे त्यांनी आधी वाकून नमस्कार केला, मग वही उघडून एखाद्या इन्स्पेक्टरसारखं विचारलं, "मोठ्या मुलीला कितवा महिना?" ती बाई हसत सुटली, चहा ठेवला, बोलत बसली. पाऊण तास! शेवटी काका गॅलरीत गेले आणि खाली ओरडले, "अगं, मुलगी झाली! आईवर गेलीय!" खालून काकूने दोन्ही हात हवेत हलवले. इतकी खूश मी तिला कैक महिन्यांत बघितली नव्हती.

उतरताना तिसऱ्या मजल्यावर काका कठडा धरून थांबले. घाम फुटला होता, एक पाय टेकवत नव्हता. "काका, गुडघा?" मी विचारलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच," ते म्हणाले. मग सदरा झटकला, चेहरा पुसला आणि माझा दंड घट्ट धरला. "मूळ कंपनीला कळवायचं नाही हं."

खाली काकू त्या बाईची नात कशी दिसते ते ऐकायला वर बघत बसली होती.