चुकलं तर तिथंच थांबायचं

बाबांचं नागपूरचं तिकीट काढलेलं होतं, आणि ते रद्द करायचं की नाही हे इटलीतल्या एका द्राक्षांच्या गावात ठरणार होतं. ठरवणार होते मी. म्हणजे असं माझ्या धाकट्या भावाने ठरवलं होतं. तो जर्सी सिटीत एका उंच इमारतीत राहतो आणि तिथून त्याला सगळं स्वच्छ दिसतं.

आई गेल्यावर बाबांना आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला माझ्या घरी आणलं. ग्रीन कार्ड झालं, जाड जॅकेट झालं, त्यांच्या खोलीत आईचा फोटो लागला. एक हिवाळा त्यांनी मुकाट्याने काढला. बर्फ वितळायला लागलं तेव्हा एकदा जेवताना म्हणाले, "मी परत जातो. आपल्या घरी एकटा राहीन. मला जमते." नागपूरकडचे आम्ही. तिथं 'जमते' म्हटलं की विषय संपला.

माझ्यासाठी तो संपला नव्हता. त्याच हिवाळ्यात एका दुपारी बाबा फिरायला गेले आणि पलीकडच्या गल्लीतल्या भलत्याच दाराला आमची किल्ली लावत उभे राहिले. आतल्या बाईंनी पोलिसांना बोलावलं नाही, बाबांच्याच फोनवरून मला बोलावलं, हे नशीब. या देशात परक्याच्या दाराशी खुटखुट करणाऱ्या सावळ्या म्हाताऱ्याचं काय होऊ शकतं, या विचाराने मी कितीतरी दिवस नीट झोपले नाही. बाबा मात्र ठाम होते. "तुमची सगळी घरं एका साच्यातली. कोणीही चुकेल. दाराला रंग दे एखादा." दाराला रंग द्यायला आमच्या कॉलनीच्या असोसिएशनची परवानगी लागते आणि ती मिळत नाही, हे त्यांना सांगून मी थकले. शिवाय ते म्हणत होते त्यात तथ्य होतं. पिझ्झावालाही चुकतो. त्यामुळेच मला जास्त राग यायचा.

इटलीला खरं तर मी आणि नवरा जाणार होतो, आठवडाभर चालायला आणि सायकल चालवायला. नवऱ्याचं ऑफिस ऐनवेळी आडवं आलं. भावाने लगेच गणित मांडलं. "ताई, बाबांना ने. तिथून ते नागपूरला जातील, तू शिकागोला ये. मध्ये एक दिवस त्यांना एकटं जाऊ दे, बघ. मॅनेज झालं तर लेट हिम गो यार. नाही झालं तर मला सांग, मी तिकीट कॅन्सल करतो." मला चीड आली. माणसाची काय ट्रायल घ्यायची असते? पण मनातून मला ही परीक्षा हवीच होती. बाबा नापास होतील आणि माझ्या घरी परत येतील, अशी माझी खात्री होती.

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी विमानात सीटबेल्ट लावता लावता म्हणाले, "परीक्षा आहे ना माझी?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. "आयुष्यभर पोरांच्या गणिताच्या परीक्षा घेतल्या," ते म्हणाले, "पर्यवेक्षकाचा चेहरा मला समजते."

बाबा गणिताचे मास्तर. शाळेत रोज सायकलने जायचे, उन्हाळ्यात डोक्याला पांढरा रुमाल बांधून. घरात त्यांचे नियम असत आणि त्यांत एक दीक्षाभूमीचा होता. दसऱ्याला तिथं लोटणाऱ्या गर्दीत शिरण्याआधी ते आम्हा दोघा भावंडांना समोर उभं करून सांगायचे, "चुकलं तर हिंडायचं नाही. जिथं आहे तिथंच थांबायचं. मी येतो." मी एकदा चुकले होते. पुस्तकांच्या एका दुकानापुढे रडत उभी राहिले, हलले नाही, आणि बाबा आले. किती वेळाने आले ते आठवत नाही. आले, एवढं आठवतं.

ते गाव टेकडीच्या माथ्यावर होतं. खाली चारी बाजूंनी द्राक्षांचे मळे, मळ्यांमधून पांढऱ्या मातीच्या वाटा आणि पलीकडच्या टेकडीवर दुसरं एक छोटं गाव, त्याचा चर्चचा मनोरा सगळीकडून दिसणारा. पहिले दोन दिवस आम्ही त्या गावापर्यंत सोबतच सायकलने जाऊन आलो. सायकली बॅटरीच्या होत्या. बाबांनी पहिल्या चढावर पायडल मारलं आणि सायकल आपोआप पुढे पळाली तेव्हा ते नाराज झाले. "ही तर स्कूटर झाली. यात माझं काय कर्तृत्व?" पण चढ संपल्यावर खूश होते. वेलींवर द्राक्षं नुकती धरली होती, मिऱ्याएवढी. बाबा उतरून ती बघायचे आणि या एवढ्याशा गोष्टीची दारू होते, याचं त्यांना नवल वाटायचं. दारूला ते आयुष्यात शिवले नाहीत. संध्याकाळी हॉटेलमालकाने आग्रहाने भरलेला पेला ते हळूच माझ्याकडे सरकवत.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, आज तुम्ही सायकलने पुढे जा. मी पायवाटेने चालत येते. मनोऱ्यापाशी भेटू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि "पेपर सुरू," एवढं म्हणून निघाले. वळणापर्यंत त्यांची पाठ दिसत होती, सरळ, शाळेत जाताना असायची तशी.

मी मनोऱ्यापाशी पोचले तेव्हा तिथं ते नव्हते. पायवाट जवळची असली तरी चालणाऱ्याच्या आधी सायकलवाला पोचायला हवा. थांबले असतील द्राक्षं बघत, म्हणून चर्चसमोरच्या कॅफेत बसले. कॉफी आली, संपली. फोन लावला तर माझ्याच पाठीवरच्या पिशवीत वाजला. सकाळी पाण्याच्या बाटलीसोबत त्यांनी तोही माझ्याकडे दिला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कॅफेवाल्या बाईंना मी फोनमधला बाबांचा फोटो दाखवला. "पापा," मी म्हटलं आणि हवेत पायडल मारून दाखवलं. त्यांना कळलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, रस्त्यावर आल्या, एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवून विचारलं. त्यानेही मान हलवली. दोघं आपापसात बरंच बोलले. त्या बोलण्यातला एकही शब्द मला कळत नव्हता आणि प्रत्येक शब्द वाईटच असेल असं वाटत होतं. मी सायकलच्या वाटेने उलटी पळत सुटले.

पळताना मी त्यांना शिव्या देत होते. भावाला देत होते. ट्रायल म्हणे! वाटेला दोन्ही बाजूंनी उतार होते, आणि प्रत्येक उताराच्या तळाशी मला एक उलटी पडलेली सायकल दिसत होती. चार महिने मी म्हणत होते की त्यांना एकटं जमणार नाही. आता प्रत्येक वळणावर म्हणत होते, जमू दे. पुढच्या वळणाला समोरून येऊ देत, हसू देत मला, जाऊ देत नागपूरला, माझं काही म्हणणं नाही.

ऊन चढलं होतं. "बाबा!" मी ओरडत होते, आणि मळ्यात वाकून काम करणारी माणसं मान वर करून बघत होती.

एका खोलगट जागी वाटेला तीन फाटे फुटत होते. तिन्ही वाटा पांढऱ्या, तिन्हींच्या दोन्ही बाजूंना सारखेच वेल. खोलात असल्यामुळे मनोरा तिथून दिसत नव्हता. बरोबर मधोमध बाबा उभे होते. सायकल स्टँडवर, हेल्मेट डोक्यावर, हात सायकलच्या सीटवर. चेहरा उन्हाने काळवंडलेला, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. दहा पावलांवर एका झाडाची गार सावली पडली होती.

मला बघून ते म्हणाले, "आली?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. फोन कुणी पिशवीत टाकायला सांगितला होता? कुणाला विचारता येत नव्हतं? चक्कर येऊन पडला असता म्हणजे? आणि एवढं ऊन डोक्यावर घेऊन उभं कशाला राहायचं, सावलीत तरी जायचं!

"सावलीत गेलो असतो तर वरच्या वाटेवरून दिसलो नसतो तुला," ते म्हणाले. "चुकलं तर हिंडायचं नाही. नियम आहे ना आपला."

मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांनी सगळी संपवली. मग तीन वाटांकडे बघत, कुणा विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "दोन दिवस येऊन राहिलो इथून. फाटा आठवते. तू इथं फोटो काढला तेही आठवते. पण कोणत्या बाजूला वळलो ते आठवतच नाही. फळा पुसल्यावाणी झालं." जरा थांबून म्हणाले, "घरं सारखी होती म्हणून नव्हतं ते, बाई."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि सीट पुन्हा घट्ट पकडली. मला रडू आवरेना. आम्ही दोघं सायकल ढकलत वर आलो. वाटेत तो ट्रॅक्टरवाला भेटला, तो बाबांना शोधायलाच खाली येत होता. त्याने हसून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. बाबांनी त्याला हात जोडले.

संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात बसलो असताना भावाचा फोन आला. बाबा समोरच होते, म्हणून मी स्पीकरवर घेतला.

"सो? कसं झालं आज?"

"मस्त," मी म्हणाले. "माझ्या आधी पोचले. कॉफी पीत बसले होते."

मी हे म्हणणार आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. दुपारभर मला सकाळच्या त्या वळणावरची त्यांची सरळ पाठ दिसत होती. तो नापासाचा शेरा मला माझ्या हाताने मारायचा नव्हता. जाऊ देत, काय व्हायचं ते होऊ दे, रोज दोन वेळा फोन करू, शेजारच्या काकूंना सांगून ठेवू, असं मी मनात जुळवत होते.

"ग्रेट! म्हणजे तिकीट ठेवतो मग," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज इतका हलका झाला की त्यालाही हेच हवं होतं हे मला कळलं.

बाबांनी टेबलावर हात पुढे करून फोन स्वतःकडे ओढला. "खोटं बोलून राहिली ती. मी चुकलो. ही मला शोधत आली उन्हात. तिकीट कॅन्सल कर."

मी भडकले. "काहून सांगितलं त्याला? मी सांगितलं होतं ना नीट! जायचं होतं ना तुम्हाला घरी? चार महिने डोकं खाल्लं माझं, आणि आता मी हो म्हणते तर..."

बाबा रागावले नाहीत. वर्ग रिकामा झाल्यावर खडू ठेवावा तसा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नागपूरला चुकलो तरी मी थांबीन, बाई. जिथं आहे तिथं उभा राहीन दिवसभर. नियम पाठ आहे मला," ते म्हणाले. "पण तिथं येईल कोण?"

अंगणात कुणीतरी ताटं मांडत होतं. आईचं नाव आमच्या तिघांपैकी कुणी काढलं नाही.

"ताई," फोनमधून भाऊ हळू आवाजात म्हणाला, "काय करू? कॅन्सल करू?"

हाच प्रश्न त्याने विचारावा म्हणून मी चार महिने भांडले होते. उत्तर तेव्हापासून तयार होतं आणि आता ते तोंडातून निघेना. बाबा माझ्याकडे बघत होते. पेपर तपासून झाल्यावर, मार्क बरोबर दिलेत ना म्हणून विचारावं, तशी त्यांनी मान किंचित हलवली.

"कर," मी म्हणाले.