एका कौलात दोन प्रश्न

१८ मे, सोमवार. माझा सुट्टीचा वार. पडवीत बसून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होते — दोन पाट्या होत्या, एक झाली होती, दुसरी निम्मी. हे आधीच लिहून टाकते, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाने विचारलं की डोळा लागला होता का, उपास होता का, ऊन बाधलं होतं का. नाही. सकाळी भाकरी-भाजी पोटभर खाल्ली होती, दोनदा चहा झाला होता, आणि रातांब्याच्या आंबट रसाने बोटांच्या चिरा झोंबत होत्या. झोपेत माणसाची बोटं झोंबत नाहीत.

तुमच्या या सदरात वाचक लिहितात ते गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. आमच्या कोकणाला तर लोकांनी भुताखेतांचा मक्ताच दिलेला आहे. मी इथेच जन्मले, चिंचेखालून, स्मशानावरून कधीही गेले, मला कोणी दिसलं नाही. रत्नागिरीच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून मला बावीस वर्षं झाली. गाडी कधी येणार, हा प्रश्न मी दिवसातून किती वेळा ऐकते ते विचारू नका. माहीत असेल तर वेळ सांगते, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगते. खोटी वेळ देत नाही. खोटी वेळ दिली की माणूस चहाला जात नाही, घरी जात नाही, नुसता उभा राहतो... ते पाप मला नको.

आता अनंताबद्दल. अनंता माझा धाकटा भाऊ, वय चव्वेचाळीस. एकोणीस वर्षं मालवाहू बोटींवर होता, सुकाणूवर. तीन वर्षांपूर्वी तो परत आला ते शर्टाची बटणं लावता येईनात म्हणून. स्नायूंचा आजार निघाला. नाव लांबलचक आहे, औषध नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं — आधी हात, मग पाय, मग बाकीचं. आरे-वारेच्या अलीकडे गणपतीपुळ्याच्या रस्त्याला आमचं जांभ्या दगडाचं घर आहे, तिथे तो, त्याची बायको सुजाता आणि मी, असे तिघं राहतो. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे नकोत.

अनंताने त्या आजारपणात एकच गोष्ट मागितली. कॉम्प्युटरवरचा एक गेम. अंतराळातला. आपलं स्वतःचं यान घ्यायचं, कुठल्याही ग्रहावर न्यायचं, आपल्या हाताने उतरवायचं आणि बाहेर पडून चालायला लागायचं. गेमचं नाव देत नाही, त्या कंपनीची फुकट जाहिरात मी करणार नाही. मी त्याला म्हटलं, जग हिंडून आलास, आता हे पोरखेळ कशाला? तो म्हणाला, "ताई, हिंडलो कुठे? नुसता शेजारून गेलो. बंदरात चार तास मिळायचे, त्यातले दोन कागदपत्रांत. मला एकदा कुठेतरी उतरायचंय."

मागवला. म्हणजे आगाऊ नाव नोंदवलं, कारण गेम तेव्हा आलाच नव्हता. दिवाळीत येणार होता. खेळायचं ते दोन अंगठ्यांनी चालवायचं यंत्र — कंट्रोलर — ते मात्र लगेच आलं. अनंता रोज सकाळी ते हातात घेऊन बसायचा आणि बंद पडद्यासमोर बटणं दाबायची सवय करायचा. बोटीवर आगीची ड्रिल करतात तशी. बोटांतला जोर गेला होता तरी तेव्हा त्याचे दोन्ही अंगठे चांगले चालत होते.

दिवाळीच्या आधी कंपनीचं ईमेल आलं. 'प्रिय प्रवासी, आम्हाला अजून थोडं पॉलिश करायचं आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.' पॉलिश करायला बूट आहेत का ते? आणि संयम कोणी दिला होता यांना? पुढची तारीख गुढीपाडव्याच्या सुमाराची मिळाली. पाडव्याला डाव्या अंगठ्यातला जोर गेला, आणि गेम गेला पावसाळ्यावर. पावसाळ्यातून पुन्हा दिवाळी. प्रत्येक वेळी ईमेलबरोबर एक व्हिडिओ यायचा — हसरी पोरं, पाठीमागे ग्रह फिरतायत. अनंता तो पाहायचा आणि मला समजावून सांगायचा की चांगली गोष्ट घाईत होत नाही. तो त्यांची बाजू घेतो याचा मला जास्त राग यायचा. मी त्या कंपनीला इंग्रजीत दोन पत्रं लिहिली. माझ्या भावाचे हात महिन्या-महिन्याने जात आहेत, जे तयार आहे ते अर्धंमुर्धं तरी पाठवा, असं स्पष्ट लिहिलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. 'प्रिय प्रवासी, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'

दुसऱ्या दिवाळीलाही गेम आला नाही. तारीख मार्चवर गेली, तेव्हा सुजाताने मला न सांगता गावातल्या देवीला कौल लावायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लोक लग्नं ठरवतात, विहिरी खणतात, कोर्टातले दावे मागे घेतात त्यावर. मला कळलं तेव्हा मी सुजाताला बरंच बोलले. कंपनी एक खोटं सांगतेय, आता देवळातून दुसरं आणणार आहेस का, असं म्हटलं. ती ऐकून घेणारी आहे, पण त्या दिवशी म्हणाली, "ताई, तुम्ही दोन पत्रं लिहिलीत. मी एक तरी नको का लिहू?"

तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. श्रद्धेने नाही. गुरव तिच्या गळ्यात काही भलतंसलतं बांधेल, म्हणून लक्ष ठेवायला गेले. शिमग्याच्या आधीची गोष्ट, सकाळचे दहा-साडेदहा. देवळात आम्ही दोघी, म्हातारा गुरव आणि झाडू मारणारी एक बाई. गुरवाने विचारलं, गेम म्हंजे काय ता? सुजाताने सांगितलं. त्याला चमत्कारिक वाटलं नाही. याहून विचित्र प्रश्न त्याने घातले असतील. त्याने कळ्या लावल्या आणि सुरू केलं — हे माये, तुझ्या लेकराची एक वस्तू परमुलखातनं येवची हाय, ती येळेत येव दे... आणि झाडूवाली बाई मागून 'व्हय म्हाराजा' म्हणाली.

का कोण जाणे, ते 'व्हय म्हाराजा' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. दोन वर्षांचा राग होता. मी पुढे झाले आणि खिडकीतल्या आवाजात बोलले, "गोल गोल नको. गेम येणार की नाही, आणि माझा भाऊ तो खेळणार की नाही, ते एकदाच सांग. आम्हाला कामं आहेत."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. "बाय," तो म्हणाला, "एका कौलाला एकच इचारायचा. दोन इचारलंस तर देवीनं कंचा सांगायचा?"

तो नव्याने कळ्या लावायला हात पुढे करत होता, तोवर दोन्ही कळ्या पडल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, एकदम. गुरव म्हणाला, हा कौल धरू नका, प्रश्नच चुकला. परत लावू या. मी म्हटलं, पुरे झालं. पाण्याने चिकटवलेली कळी वाळली की पडणारच. एक पडली काय नि दोन पडल्या काय. सुजाताचा हात धरून तिला घरी घेऊन आले आणि अनंताला यातलं काही सांगायचं नाही, अशी ताकीद दिली. तिने ती पाळली.

मार्चच्या शेवटाला अनंताचा उजवा अंगठाही गेला. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलेलं नाही, तिथे खड्डा आहे, त्यात सुपारी राहील. एप्रिलमध्ये कंपनीचं शेवटचं ईमेल आलं. 'पुढील सूचना मिळेपर्यंत.' तारीखच काढून टाकली. अनंताने मला ते दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाला, "बरं." त्यानंतर त्याने त्या विषयावर तोंड उघडलं नाही. सुजाता मात्र रोज सकाळी कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवायची आणि त्याची बोटं त्यावर एकेक करून बसवायची. त्याला त्याचं वजन बरं वाटायचं.

आता ती १८ तारीख. लाईट सकाळी अकरापासून नव्हती. सुजाता त्याची औषधं आणायला रत्नागिरीत गेली होती. अनंता माजघरात खुर्चीवर, समोर बंद पडदा, मी पडवीत. साडेबाराच्या सुमाराला आतून टिकटिक आवाज यायला लागला. मला पाल वाटली. पण पाल थांबून थांबून बोलते. हा आवाज थांबेना... सुरी तशीच हातात घेऊन आत गेले.

त्याचे अंगठे चालत होते.

थरथर नव्हे. ती या आजारात असतेच. कातडीखाली किडा वळवळल्यासारखी, मी तीन वर्षं पाहतेय. हे वेगळं होतं. डावा अंगठा हळू गोल फिरत होता, उजवा मधूनच एक बटण दाबून सोडत होता, दाबून धरत होता. त्याची नजर काळ्या पडद्यावर होती आणि बोटीवरच्यासारखा तो हलक्या आवाजात स्वतःलाच सांगत होता. वारा डावीकडून. अजून थोडं खाली. खाली वाळू दिसतेय. मी हाक मारली, "अनंता."

तो म्हणाला, "आत्ता नको ताई. उतरतोय."

मी तिथेच उभी राहिले. मला भीती वाटली नाही. वाटलं ते हे की मधे बोलले तर थांबेल. दोनच्या सुमाराला सुजाता आली. दारातूनच तिने पाहिलं आणि मोबाईल काढला. व्हिडिओ काढायला. मी तिचं मनगट धरलं. तिच्या बाहीवर माझ्या लाल बोटांचे डाग पडले, ते अजून गेलेले नाहीत. का धरलं, सांगता येत नाही. तो त्याचं काम करत होता आणि आम्ही दोघी बघे झालो असतो, एवढंच कळलं. त्यामुळे पुरावा नाही, आणि तो माझ्यामुळे नाही. हे सुनावायला कोणी पत्र लिहू नये.

चारला पाच-दहा मिनिटं कमी असताना टिकटिक बंद झाली. हात होते तसे मांडीवर पसरले. त्याने पाणी मागितलं, सुजाताने पाजलं. मग त्याने विचारलं, "ताई, गेम आला ना?"

मी म्हटलं, नाही. लाईटसुद्धा नाही.

तो काळ्या पडद्याकडे बघत म्हणाला, "मग मी चालत होतो तो कुठे?"

मी रातांब्यांकडे परत गेले. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्या स्नायूंतून अशी हालचाल होणं शक्य नाही, तुम्ही थरथर पाहिली असेल. मी फोन ठेवला. सुजाता देवापाशी दिवा लावून आली आणि हळूच म्हणाली की डावा कौल गेमचा होता, म्हणजे नाही, आणि उजवा यांचा, म्हणजे होय. मी तिच्यावर खेकसले. आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. समजा तसं असेल. समजा त्या पाषाणाला तेवढी ताकद आहे. मग साडेतीन तास? हात द्यायचे तर नीट द्यायचे होते. कंपनीने तारखा फिरवल्या, आणि या देवीने एक दुपार देऊन काढून घेतली. मला दोघींत फरक दिसत नाही. नारळ फोडायला येऊ म्हणणाऱ्या शेजारणींना मी अंगणातूनच परत पाठवते.

त्यानंतर अंगठे हललेले नाहीत. गेम आलेला नाही. काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांना मी ओळखत नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्याची आंघोळ उरकून मी त्याची नखं कापायला बसले. दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर, आतल्या बाजूला, फोड आले होते. पाण्याने भरलेले, ताजे, पहिल्यांदा वल्हं मारणाऱ्याला येतात तसे. मी नेलकटर बाजूला ठेवला. मलम आणलं.

"काय गं?" त्याने विचारलं.

"फोड आलेत."

"बघू."

त्याला हात उचलता येत नाहीत. मी त्याचे दोन्ही हात मनगटाखाली धरून वर घेतले आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरले. तो बघत राहिला. माझे खांदे भरून आले. तो पुरे म्हणेपर्यंत मी ते खाली घेतले नाहीत.